साहेब, गाठ कुठं हाय?

माझ्या हातात कसलीही कला नाही, याबद्दल आमच्या घरात कधी मतभेद झालेले नाहीत. लहानपणी मी केलेला आकाशकंदील आईने, नजर लागू नये म्हणून, मागच्या दाराला लावला होता. हस्तव्यवसायाच्या तासाला मी विणलेली टोपली गुरुजींनी उलटसुलट करून पाहिली आणि "हे काय आहे?" असे न विचारता "हे काय होणार होतं?" असे विचारले. पुढे बी.कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो, तेव्हा वडील म्हणाले, "बरं झालं. तिथं हातांनी फक्त मोजायचं असतं." आता नोटाही यंत्र मोजते. आम्हाला क्लार्क न म्हणता कसलेसे 'असोसिएट' म्हणतात. बाकी सगळे पूर्वीसारखेच आहे.

असा मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, घरच्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसून, झाडावर चढायच्या दोराला नेढे करायला शिकलो, हे कुणाला खरे वाटत नाही. माझ्याकडे पुरावा होता. त्याचे मी काय केले, ते पुढे येईलच.

याला कारण आमचे भाचेबुवा. त्याने दापोलीहून शेतीची पदवी घेतली, तेव्हा तो निदान कृषी अधिकारी होईल असे सगळ्यांनी धरले होते. तो इंग्लंडला गेला आणि झाडांवर चढू लागला. झाडे तर इथेही होती, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा, असे त्याच्या आजीला अजून वाटते. तिकडे या लोकांना 'ट्री सर्जन' म्हणतात. म्हणजे उंच झाडावर दोराने चढून वाळक्या, धोक्याच्या फांद्या उतरवणारे. माझी बहीण चारचौघींत "तो सर्जन आहे" एवढेच सांगते, आणि ते खोटेही नाही. दोघीतिघींनी मुलींच्या पत्रिका पाठवल्या आहेत.

गेल्या एप्रिलमध्ये तो तीन आठवड्यांसाठी आला. लोकांचे भाचे परदेशातून चॉकलेटे आणतात, आमच्याने दोर आणला. ३० मीटर लांब, १३ मिलिमीटर जाड, पोपटी रंगाचा, हाताला गुळगुळीत. वजनात बसावा म्हणून त्याने स्वतःचे कपडे कमी केले होते आणि तीन आठवडे माझे घातले.

मराठी माणसाला दोर म्हटला की सिंहगड आठवतो. गोष्टीत घोरपडीच्या कमरेला दोर बांधतात, ती कड्यावर नख रोवून बसते आणि मावळे वर जातात. इतिहासकार ती घोरपड मानत नाहीत, पण आपण मानतो. मात्र तो दोर वर जाण्याआधी कुणी ओढून पाहिला, घोरपडीच्या कमरेची गाठ कुणी तपासली, याबद्दल गोष्टीत अक्षर नाही. पुढे सूर्याजी दोर कापतो, एवढाच काय तो दोराचा उल्लेख. मी बँकेत असल्यामुळे असले प्रश्न मला पडतात.

तर एका संध्याकाळी हा बाल्कनीत बसून त्या दोराच्या टोकाशी काहीतरी करत होता. अर्ध्यापाऊण तासाने पाहतो तो टोकाला सुबक फास तयार, आणि गाठ कुठेच नाही! दोर आपला निघाला, वळला, परत आला आणि स्वतःच्याच पोटात शिरून नाहीसा झाला. सुईला असते तसे नेढे. राजगडाच्या सुवेळा माचीवर डोंगराला आरपार भोक आहे, त्यालाही आपण नेढेच म्हणतो. इंग्रजीत याला दोराचा 'डोळा' म्हणतात. मला नेढे बरे वाटले. डोळा म्हटले की तो आपल्याकडे बघतो आहे असे उगाच वाटते.

"पण गाठ का नाही मारायची?" मी विचारले.

"मामा, गाठ मारली की दोर दुबळा होतो."

हे मला नवे होते. आपली सगळी संस्कृती गाठीवर उभी आहे. शकुनाची गाठ, लग्नाची गाठ, काही विसरू नये म्हणून उपरण्याला गाठ. आणि हा म्हणतो गाठ मारली की दोराची ताकद पाव ते तिसरा हिस्सा कमी होते. कारण साधे आहे. गाठीत दोराला झटकन वळावे लागते. वळणाच्या बाहेरचे धागे ताणून निघतात, आतले नुसते चेपून बसतात. म्हणजे काम सगळ्यांचे आणि ओझे थोड्यांवर. हा प्रकार आमच्या शाखेत मी रोज बघतो. नेढे नीट केले तर मात्र दोराची नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद शाबूत राहते. मला एकदम कळले. गाठ म्हणजे पंचवीस टक्के टीडीएस.

सौ. भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "लग्नगाठीलाही हाच नियम का रे?"

भाचा हुशार आहे. तो म्हणाला, "मामी, त्याची अजून चाचणी झालेली नाही."

मी म्हटले, मला शिकव. का म्हटले ते सांगता येत नाही. बहुधा त्या नेढ्याच्या गुळगुळीतपणाने भूल पडली. जन्मभर ज्याच्या प्रत्येक कामाचे सांधे बाहेर दिसत आले, त्याला सांधाच न दिसणारी वस्तू मोहात पाडते.

त्याने सुरुवात तीनपेडी दोरापासून केली. हा दोर आपल्या ओळखीचा, वेणीसारखा पीळ दिलेला. टोकाचे तीन पेड सोडवायचे, फास वळवायचा आणि एकेक पेड दोराच्या पिळाच्या उलट दिशेने, एका पेडावरून, दुसऱ्याखालून ओवायचा. काथ्या-तागाचा दोर असेल तर निदान तीन फेरे. नायलॉनसारखा निसरडा असेल तर पाच. लहानपणी बहिणीच्या वेण्या घालायला लागल्याचा मला इथे पहिल्यांदा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी माझे तीनपेडी नेढे तयार झाले. जरा गाठाळ दिसत होते, पण होते. विशेष म्हणजे त्यात लपवाछपवीला जागा नव्हती. पेड वरून गेला की खालून, फेरे चार झाले की पाच, सगळे बाहेरून मोजता येत होते. कुणीही यावे आणि ताळा करावा.

खरी परीक्षा त्या पोपटी दोराची होती. तो दोर म्हणजे दोरात दोर. आत विणलेला गाभा, त्यावर विणलेली खोळ. नेढे करताना दोरातून गाभा बाहेर ओढून काढायचा, खोळीचे टोक गाभ्याच्या पोटात घालायचे, गाभ्याचे टोक खोळीच्या पोटात घालायचे, आणि मग सगळेच्या सगळे परत खोळीत गुडुप करायचे. मी हे चार वेळा ऐकले आणि चारही वेळा मला ती आमच्या बँकेच्या विलीनीकरणाची योजना वाटली.

टोक ओवायला एक पोकळ, टोकदार नळी असते. तिला फिड म्हणतात. तिची लांबी दोराच्या जाडीच्या एकवीसपट असते. आमच्या दोराला २७३ मिलिमीटर. सगळी मापे, कुठे खूण करायची, कुठे भोसकायचे, किती आत जायचे, या 'एका फिडच्या' हिशेबाने. हा भाग मला लगेच जमला. मापे मी वहीत ताळेबंदासारखी मांडली. डावीकडे गाभा, उजवीकडे खोळ. फिडने ओवायचे कामही वाटले तितके परके नव्हते. सौ.ने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाली, "हे म्हणजे परकरात नाडी घालणं की! मी वीस वर्षं घालतेय. मला कुणी इंग्लंडला बोलावलं नाही."

पहिल्या प्रयत्नात मी मागे सरकगाठ मारायला विसरलो. काम सुरू करण्याआधी चार-पाच हात मागे एक सरकगाठ मारून ठेवायची असते, नाहीतर गाभा आतल्या आत मागे पळतो. आमचा पळाला. हातात नुसती रिकामी खोळ राहिली, कर्जदार निघून गेल्यावर फाइल राहते तशी. दुसऱ्यात खुणा उलट झाल्या. तिसऱ्यात सगळे बरोबर होते, पण शेवटी खोळ पुढे सरकेना.

या शेवटच्या पायरीला तिकडे 'मिल्किंग' म्हणतात. मला वाटले मी चुकीचे ऐकले. पण खरोखरच धार काढल्यासारखी खोळ दोन्ही हातांनी पुढे पुढे ओढत आणायची असते, म्हणजे ती सगळा पसारा गिळते. गाय बांधायच्या वस्तूचेच दूध काढायचे! दोर स्वयंपाकघराच्या गजाला बांधला आणि मी धार काढू लागलो. अर्धा पसारा आत गेला आणि गाय आटली. मी ओढले, भाच्याने ओढले, शेवटी सौ. कणकेच्या हातांनी आली आणि म्हणाली, "असं हिसडे मारून नाही. आंजारून-गोंजारून." तिने गोंजारले आणि ते सर्रकन आत गेले. ते नेढे तांत्रिकदृष्ट्या तिचे.

दर नेढ्यामागे दोर हात-दीड हाताने आखूड होत होता. चुकलेली नेढी सौ.ने पडदे बांधायला घेतली. दिवाणखाना बंदरासारखा दिसू लागला.

या सगळ्यात एक पायरी भाच्याने पुन्हा पुन्हा बजावली होती. खोळीचे टोक गाभ्याच्या पोटात घालण्याआधी निमुळते करायचे. त्यातले पेड खुणेखुणेवर जोडीने ओढून कापायचे, म्हणजे शेपूट हळूहळू बारीक होत जाते. ते न करता जाडच्या जाड टोक आत कोंबले तर आत जिथे ते संपते तिथे पायरी पडते, आणि ताण आला की दोराचे दुखणे तिथेच उभे राहते. "आणि गंमत म्हणजे," तो म्हणाला, "बाहेरून काहीच कळत नाही. उलट जरा जास्तच गुबगुबीत, छान दिसतं."

"मग तपासतात कसं?"

"तपासता येत नाही. उलगडून बघावं लागतं, नाहीतर तुटेपर्यंत ओढून. दोन्हीत नेढं जातं."

मी हातातली वस्तू खाली ठेवली.

बँकेत कुठलीही नोंद एका माणसाच्या भरवशावर जात नाही. मी नोंद करतो, तो मेकर. दुसरा ती पाहून पास करतो, तो चेकर. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होते? मी घाईत नोंद टाकतो, कारण चेकर बघणारच आहे असा माझा विश्वास. चेकर न बघता बटण दाबतो, कारण वीस वर्षांत माझी नोंद चुकलेली नाही असा त्याचा विश्वास. अशा तऱ्हेने दोन विश्वास एकमेकांना भेटतात आणि नोंदीकडे कुणीच बघत नाही. तरी निदान ती नोंद तिथे दिसत असते. बघायचे ठरवले तर बघता येते. इथे बघायची सोयच नाही. मेकर उठून गेला की चेकरला खुर्चीच नाही.

म्हणूनच, भाचा म्हणाला, कडे चढणारे लोक, अगदी आपल्या सह्याद्रीतलेसुद्धा, चढाईच्या दोराला नेढी करत बसत नाहीत. ते कमरेच्या पट्ट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारतात. ताकद जाते, जाऊ दे. पण ती गाठ समोरच्याला एका नजरेत वाचता येते, आणि चढण्याआधी जोडीदाराने ती वाचायचीच असा रिवाज आहे. म्हणजे पंचवीस टक्के टीडीएस कशाबद्दल कापतात, ते मला तेव्हा कळले. दुसऱ्याला बघता यावे म्हणून.

"आणि तुम्ही झाडवाले?"

"आम्ही नेढं वापरतो. पण जाणकारानं केलेलं, कागदपत्र असलेलं." तिकडे १९९८चा कायदा आहे. माणसाला वर नेणारे साहित्य दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते. शिवाय युरोपच्या मानकाप्रमाणे असला दोर मुळात २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ताण सोसणारा हवा. माणूस फार तर शंभर किलोंचा. बँक शंभर रुपयांच्या ठेवीमागे हाताशी किती थोडी रोकड ठेवते हे मी जाणून आहे. दोराचा सावधपणा पाहून मला वरमल्यासारखे झाले.

जाण्याच्या आदल्या रात्री, बॅग भरता भरता, त्याने मॅटरहॉर्नची गोष्ट सांगितली. १४ जुलै १८६५. एडवर्ड व्हिंपर आणि इतर सहा जण त्या शिखरावर पहिल्यांदा पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, त्याने तिघांना ओढले, आणि दोर मधेच तुटला. चौघे खाली गेले, तिघे राहिले. तुटलेला दोर बरोबरच्या दोरांतला सगळ्यात कच्चा होता. तो बांधलेला होता वरच्या बाजूच्या वाटाड्याला, थोरल्या पीटर टाउगवाल्डरला. चौकशी झाली, तो निर्दोष ठरला. पण कुजबुज थांबली नाही. दोर त्याने कापला का? कच्चा दोर मुद्दाम घेतला का? तो दोर पक्का असता तर कदाचित सातही गेले असते, हा आणखी एक पेच. तुटलेला तुकडा झेरमॅटच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे.

"पण त्याला माहीत होतं का, दोर कच्चा आहे ते?" मी विचारले.

"तेच तर कुणाला कळलं नाही." मग बॅगेची चेन ओढत तो म्हणाला, "मामा, तुमची नेढी झकास झालीत. पण ती शिकाऊ आहेत. यावर कपडे वाळत घाला. माणूस नाही."

मी म्हटले, "छे रे, माणूस कशाला?"

तो गेला. मी एकट्याने सहावे नेढे केले. रविवार होता. मापे घेतली, सरकगाठ मारली, गाभा काढला, खोळीचे टोक समोर धरले, आणि नेमके तेव्हाच शेजारचे निवृत्त गृहस्थ केवायसीचा फॉर्म घेऊन आले. बँकेतल्या माणसाला रविवार नसतो. पाऊण तास ते बसले. गेल्यावर मी पुन्हा कामाला लागलो, ओवले, धार काढली, आणि काय सांगू, गाय अशी पान्हावली! पहिल्या झटक्यात सगळे आत. नेढ्याच्या मानेला आडवेउभे टाके घातले, म्हणजे दोर सैल असताना आतला माल सरकत नाही. असे नेढे भाच्यालाही साधले नसते. गुबगुबीत.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द आठवला. मी टोक निमुळते केले होते ना? उठून दिवा लावला. सतरंजीवर कापलेल्या धाग्यांचे तुकडे होते. पण ते सहाव्याचे की पाचव्याचे, हे तुकड्यांवर लिहिलेले नव्हते. 'केलेच असणार' असे म्हणून मी झोपलो. झोपही लागली, हे नमूद करतो.

पुढे मे महिना संपत आला. आमच्या आवारातल्या जुन्या आंब्याची एक फांदी गच्चीकडे झुकली होती. पावसाआधी ती उतरवायची म्हणून सोसायटीने महापालिकेची परवानगी काढली. त्या कागदाला लागलेल्या वेळात नवे झाड वाढले असते. काम करणारे एक पन्नाशीचे, काटक गृहस्थ. त्यांना सगळे मामाच म्हणतात. जन्मभर कमरेला काथ्याचा दोर आणि पायांवर भरवसा ठेवून चढलेले. पण या वर्षी सेक्रेटरींनी धरले की सुरक्षेचा दोर हवाच, उद्या काही झाले तर? आणि त्यांची नजर आमच्या दिवाणखान्याकडे गेली.

"अरे वा! हा कुठला दोर?"

"इंग्लंडचा," मी म्हणालो. दोर इंग्लंडचा हे खरे होते. नेढे डोंबिवलीचे, हे मी बोललो नाही. आमच्याकडे याला खोटी नोंद म्हणत नाहीत, अपुरी नोंद म्हणतात.

रविवारी सकाळी आवारात ही गर्दी. सुतळीला दगड बांधून दोर वरच्या बेचक्यातून टाकला. एक टोक मदतनीस पोऱ्याने खांबाला वेढे देऊन धरले, दुसऱ्या टोकाचे नेढे कडीने मामांच्या पट्ट्यात अडकवायचे. मामांनी ते हातात घेतले. अंगठ्याने दाबले. उलटे केले, पुन्हा दाबले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले,

"साहेब, गाठ कुठं हाय?"

"गाठ नसते त्याला," मी म्हणालो. "आतल्या आत विणलेलं असतं. गाठीपेक्षा मजबूत."

"आत काय हाय, ते दिसत न्हाई."

"अहो मामा," सेक्रेटरी म्हणाले, "साहेब बँकेत आहेत!"

"मग ठीक हाय," मामा म्हणाले आणि कडी अडकवून चढू लागले.

मी बँकेत आहे म्हणून नेढे पक्के! जगात विश्वासाची जी काही कारणे असतील, त्यात इतके पोकळ कारण दुसरे नसेल. आणि मी गप्प होतो. झाडाखाली दोन मामा, आणि त्यांतला एक दुसऱ्याला मामा बनवत होता.

आता मला खोटेही म्हणता येत नव्हते, हीच खरी अडचण. नेढे कच्चे आहे हे मला ठाऊक असते तर मी तोंड उघडले असते. एवढा वाईट मी नाही. पक्के आहे हे ठाऊक असते तर गप्प बसण्यात काहीच गैर नव्हते. मला दोन्ही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यायला माझ्याकडे पाच आठवडे होते. मी ते उलगडून पाहिले नाही, कारण ते फार सुंदर झाले होते. त्या थोरल्या टाउगवाल्डरला माहीत होते का, असे दीडशेहून जास्त वर्षे लोक विचारताहेत. मला कुणी विचारले असते तर मी काय उत्तर दिले असते? 'माहीत नव्हतं' म्हटले असते. शपथेवर. आणि ती शपथ खोटी ठरली नसती.

मामा भराभर चढत होते. दोर अजून सैलच होता, ते हातापायांनीच जात होते. बेचक्यात पोहोचल्यावर मात्र ते मागे रेलणार, सगळा भार नेढ्यावर टाकणार आणि फांदीकडे सरकणार. ते पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या पातळीला आले, तेव्हा मी ओरडलो.

"मामा, खाली या! कडी बघायची आहे."

कडी! तेव्हाही मला नेढे म्हणवले नाही.

ते उतरले. मग मात्र मी सांगून टाकले. हे नेढे मी केले आहे, शिकता शिकता केले आहे, आतली एक गोष्ट केली की राहिली ते मला सांगता येत नाही. आवारात शांतता पसरली. दुसऱ्या मजल्यावरचे टाळ्या वाजवायच्या तयारीत असलेले एक चिरंजीव आत गेले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण तुम्ही म्हणालात इंग्लंडचा..."

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त "आधी सांगायचं न्हाई का साहेब" म्हटले, नेढ्याच्या वर हातभर अंतरावर दोर धरला आणि आपली गाठ मारली. पोऱ्याला दाखवली. पोऱ्याने ती बघितली, दोन्ही पाय रोवून दोन हिसके दिले, मान हलवली. कडी गाठीत अडकवून ते पुन्हा चढले आणि तासभर त्या टीडीएस कापलेल्या दोरावर रेलून काम करून आले. माझे नेढे त्यांच्या कमरेशी लोंबत होते, पोपटी, गुबगुबीत. खालून लोक बघत होते. जाताना मामांनी दोर नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. गाठ मात्र सोडून घेतली होती.

घरी आल्यावर मी कात्री घेतली. सूर्याजीने दोर लढाईच्या ऐन वेळी कापले, मी घरी येऊन चहा पिऊन कापला. टाके उसवले, खोळ मागे सारली, गाभा चिरला. सौ. शेजारी येऊन उभी राहिली.

आतले शेपूट निमुळते होते. पेड जोडीजोडीने, खुणेबरहुकूम कापलेले. एकही चूक नाही. माझ्या हातून इतके बिनचूक काम आयुष्यात झालेले नाही, आणि ते केल्याचे मला आठवतही नव्हते.

"म्हणजे बरोबरच होतं की!" सौ. म्हणाली. "उगाच त्या बिचाऱ्याला खाली उतरवलंत. आणि चारचौघांत शोभा करून घेतलीत ती वेगळीच."

मलाही क्षणभर सुटल्यासारखे झाले. मग मी खिडकीशी गेलो. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. ते जिथे पोहोचले होते तो बुंधा तिथून समोरच दिसतो.

रात्री भाच्याला फोन केला. सगळे सांगितले, शेपूट निमुळते निघाले तेही सांगितले, जरा जोर देऊनच. तो त्यावर काही बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, "मामा, ते किती उंचीवर होते?"

दुसऱ्या दिवशी बँकेत पहिलेच व्हाउचर चहापाण्याचे होते, रुपये २४०. मी नोंद केली आणि पलीकडे बसणाऱ्या चेकरला म्हणालो, "अरे, हे जरा नीट बघून पास कर."

त्याचा बटणावर गेलेला हात थांबला. वीस वर्षांत मी असे कधी म्हटले नव्हते. त्याने चष्मा लावला.

"का रे? काय केलंयस?"

"काही नाही. नुसतं बघ म्हटलं."

"काही नाही तर बघू कशाला?"

त्याने ते तीन वेळा पाहिले. मागून-पुढून पाहिले. उजेडाला धरले. मग उठून शाखाधिकाऱ्यांकडे घेऊन गेला. ते दोघे बराच वेळ काचेआडून माझ्याकडे बघत होते. संध्याकाळी मी निघालो तेव्हा व्हाउचर पास झालेले नव्हते.